असं म्हणजे कसं

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डाचा कॉरिडॉर जिथे संपतो आणि धुलाईघराची वाफ जिथे सुरू होते, तिथे एक लहानशी खोली आहे. पूर्वी तिथे मोडके स्ट्रेचर ठेवत असत. आता आत एक टेबल आहे, समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या आहेत, पाणी तापवायचे पसरट विजेचे भांडे आहे, खिडकीखाली पाइपांचे तुकडे रचलेले आहेत आणि भिंतीवरच्या खिळ्यांना कागदी पंजे लटकलेले आहेत. रुग्णाचा हात कागदावर ठेवायचा, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि तो आकार कापून घ्यायचा. ते हे नमुने. नवा रुग्ण दारातच त्या पंजांकडे पाहून दचकतो. मग आतून आवाज येतो, "घाबरू नका, ते कागदाचे आहेत. खरे हात घरी गेले, भांडी घासताहेत. या, बसा." हा आवाज स्प्लिंटताईंचा.

भाजलेला हात बरा होता होता दगा देतो. जखम भरते ती कातडी आक्रसून. रोज थोडी, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी. दुखरा हात माणूस जसा जपून धरतो, तसाच तो गोठत जातो. पट्ट्या सुटतात, डॉक्टर पाठ थोपटतात, आणि घरी गेल्यावर कळते की मुठीत पेला मावत नाही. असे होऊ नये म्हणून हाताला कडक साचा बांधून ठेवतात: मनगट किंचित मागे, बोटे सरळ, अंगठा तळव्यापासून दूर. त्याला स्प्लिंट म्हणतात. काम दिसायला किरकोळ आहे. गरम पाण्यात मऊ झालेला प्लास्टिकचा पत्रा हातावर बसवायचा आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही. पण तेवढ्या वेळात तो जरासा कलला, तर जो हात उघडा राहावा म्हणून सारा खटाटोप, तोच वाकडा होऊन बसतो.

स्प्लिंटताई मुळात स्प्लिंटताई नव्हत्या. त्या या वॉर्डात मदतनीस म्हणून लागल्या. चादरी बदलणे, ज्यांचे हात बांधलेले आहेत त्यांना भरवणे, ड्रेसिंगच्या वेळी रुग्णाचे डोके धरून त्याच्याशी इकडचे तिकडचे बोलत राहणे, हे त्यांचे काम. त्याच काळात रुग्णालयाने एका परदेशी संस्थेच्या कार्यक्रमात नाव घातले. कार्यक्रम असा होता की, एका देशातल्या जाणत्या माणसाने दुसऱ्या देशात जायचे, जेवणाखाण्यापुरते घेऊन दोन वर्षे राहायचे आणि आपली विद्या तिथल्या हातांत ठेवून परतायचे. त्यात एक अट होती. पाहुण्याने एकट्याने काम करायचे नाही. त्याला इथला एक जोडीदार हवा. नाहीतर पाहुणा परतला की त्याच्याबरोबर विद्याही विमानात बसते. अट शहाणपणाची होती, पण जोडीदार मिळेना. सिस्टर मंडळींच्या बदल्या होत असत आणि डॉक्टरांना वेळ नव्हता. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डभर नजर फिरवली आणि चादरीची घडी घालणाऱ्या बाईकडे बोट दाखवले. "हिला द्या. हिला घाई नसते."

"मला जोडीदार केलंय," त्यांनी घरी जाऊन सांगितले.

यजमान शिंपी, दुसऱ्याच्या दुकानात पँटी आखूड-लांब करण्यात त्यांचे आयुष्य चालले होते. तोंडातली टाचणी काढून ते म्हणाले, "वा! मग मी आता कुठं राहायला जायचं?"

जी पाहुणीबाई आली ती उंच, लाजाळू आणि कामात अतिशय नेटकी होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुभाषा म्हणून नेमलेला माणूस आठवडाभर आला आणि त्याला बरी नोकरी मिळाली. मग पाहुणीबाईंनी वॉर्डातून एक शब्द उचलला आणि त्यावर सगळा गाडा हाकला. तो शब्द होता 'असं'. टेबलापलीकडे बसून त्या पत्रा हातात घेत, म्हणत "असं", आणि कात्री चालवत. मग पत्रा पाण्यात सोडत, चिमट्याने उचलत, स्वतःच्या मनगटावर ठेवत, पुन्हा "असं". टेबलाच्या अलीकडे बसलेली जोडीदारीण जे दिसेल ते जसेच्या तसे करी. शिकायचा हुरूप इतका की तिने एकाही हालचालीत आपली अक्कल चालवली नाही. समोरचा हात तिच्या डाव्या बाजूला हलला की तिचा डावा हात हले. आरशात पाहावे तसे ती शिकत होती, आणि आरसा बाजू बदलतो हे त्या खोलीत दोघींपैकी एकीच्याही मनात आले नाही.

पाहुणीबाईंच्या मनात भलतेच काही आले. आपली जोडीदारीण डाव्या हाताने कापते, हे त्यांनी पाहिले. हजेरीची सही मात्र ती उजव्या हाताने करते, हेही पाहिले. इकडच्या देशांत डावखुऱ्या मुलांना दटावून उजव्या हाताने लिहायला लावतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. दोन आणि दोन त्यांनी मिळवले. या बाईचा खरा हात लहानपणी कुणीतरी दाबून टाकला आहे, या खोलीत तो पहिल्यांदा मोकळा झाला आहे, अशी त्यांची खात्री पटली. त्या खूप हळव्या झाल्या. त्यांनी आपल्या देशातून एक पार्सल मागवले, आणि ते उघडताना जोडीदारणीचा डावा हात दोन्ही हातांत धरून असे काही बोलल्या की भाषा न कळताही समोरच्या बाईला हुंदका आला. पार्सलात कात्री होती.

घरी यजमानांनी ती उलटसुलट करून पाहिली. कात्री हा त्यांचा प्रांत. त्यांनी एक चिंधी घेतली, कापून पाहिली. चिंधी कापली गेली नाही, पात्यांमध्ये दुमडली.

"अगं, ही डावखुऱ्याची आहे."

"हो."

"पण तू कुठं डावखुरी आहेस?"

"त्यांना वाटलं."

"मग सांग ना त्यांना!"

"कसं सांगू? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं."

"तुझ्या?"

"माझ्याही आलं. त्या रडत होत्या म्हणून."

यजमानांनी कात्री मिटून टेबलावर ठेवली. "तुम्ही दोघी मिळून भारी काम करताय," ते म्हणाले.

उद्या सांगू, परवा सांगू, असे करता करता डावा हात बसला. 'हात बसणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण जो हात कधी बसायला निघालाच नव्हता तो बसण्याचा प्रकार विरळा. आधी अडखळत, मग सवयीने, आणि पुढे त्या हाताला अशी समज आली की पत्रा अजून तापायचा आहे की वेळ टळली, हे पाण्यावरच्या हालचालीवरून त्याला कळे. उजवा हात पाने उलटणे, सही करणे आणि जेवणे एवढ्यापुरता उरला. दोन वर्षे संपली. पाहुणीबाई गेल्या. कार्यक्रमाच्या दृष्टीने सगळे यथासांग पार पडले होते: विद्या इथल्या हातात राहिली होती. फक्त हात चुकला होता.

तेवढ्याने रुग्णांचे काही अडले नाही. पाहुणीबाईंनी ठेवलेला पत्रा संपल्यावर स्प्लिंटताईंनी पाण्याचे पाइप उभे चिरून, धुलाईघराच्या भट्टीत तापवून, जाड कापडाच्या थरांवर वाकवून साचे केले, आणि पुढे रुग्णालय नवा पत्रा मागवू लागेपर्यंत त्यांवर भागवले. बेकरीत पाव भाजणारा एक माणूस दोन्ही हात भाजून आला होता. सहा महिन्यांनी तोच त्या हातांनी पोत्याची गाठ सोडताना दिसला. उकळत्या पाण्याने भाजलेली एक आई आपल्या बाळाचे बटण लावू लागली. अशांची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण वॉर्डात कुणाचा हात वाचला की म्हणत, हा स्प्लिंटताईंच्या डाव्या हातचा मळ आहे. त्या नुसत्या हसत.

अडचण निराळी होती. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या हाताखाली शिकाऊ माणसे दिली. एकामागून एक दिली. एकही टिकले नाही. एका मुलीने जाताना स्पष्टच सांगितले, "ताई, तुम्ही सारखं म्हणता 'असं'. असं म्हणजे कसं? किती दाबायचं, कधी सोडायचं, काहीतरी सांगा ना!" स्प्लिंटताईंनी तोंड उघडले आणि त्यांच्या लक्षात आले की आपल्याकडे सांगायला काही नाही. त्यांना ही विद्या शब्दांवाचून मिळाली होती. ती डाव्या हातात होती, आणि तो हात बोलत नव्हता. पुन्हा पत्रा उचलून त्या म्हणाल्या, "बघ. असं." मुलगी हिशेबखात्यात रुजू झाली.

वर्षे गेली. कार्यक्रमाचा रिवाज बदलला. जिथे पूर्वी पाहुणे पाठवले जात, तिथल्या जुन्या जोडीदारांनाच आता पाहुणे म्हणून तिसऱ्या देशात पाठवायचे ठरले. त्यासाठी एक संयोजिका रुग्णालयात आली. इथलीच, चटपटीत बाई. तिने खोली पाहिली, कागदी पंजे पाहिले, आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का, तुमच्या पाहुणीबाई आता म्हाताऱ्या झाल्यात, पण परदेशी निघालेल्या नव्या लोकांना अजून तुमची गोष्ट सांगतात. डाव्या हाताची."

"सांगतात?"

"दरवर्षी. ऐकणारे गहिवरतात म्हणे."

संयोजिकेने मग मुद्द्याचे काढले. एका देशात मोठे रुग्णालय आहे, भाजलेल्यांचा वॉर्ड आहे, आणि हातासाठी काहीच नाही. वर्षभर राहून शिकवायचे. दोन गोष्टी मात्र हव्यात. एक, तुम्ही गेल्यावर ही खोली चालवणारे कुणीतरी हवे. एक खोली उघडायला दुसरी बंद करायची नाही. आणि दुसरी, तुम्हाला शिकवता येते हे मला डोळ्यांनी बघायचे आहे. पावसाळा संपला की मी येईन.

स्प्लिंटताईंना जायचे होते. इतके की ते त्यांनी कुणाला बोलून दाखवले नाही. पाहुणीबाई जशा एका अनोळखी खोलीत पेटी घेऊन शिरल्या होत्या, तसे आपणही कुठेतरी शिरावे, ही इच्छा एवढी वर्षे आत कुठे दडून होती याचे त्यांनाच नवल वाटले. यजमानांनी ओळखले. "जा की. मी जेवायला मेसमध्ये जाईन. फक्त तिकडं एखादीला उगाच डावखुरी करून येऊ नकोस, म्हणजे झालं."

आणि नेमक्या त्याच ऋतूत अंगठा गेला.

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणे जुनेच होते, पण आता कात्री मिटताना डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला. "सांधा झिजलाय. कात्री बंद. पिळणं बंद. नाहीतर उद्या चहाचा कप उचलता येणार नाही." मग ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "याला स्प्लिंट लागेल. आता तुम्हाला मी काय सांगणार! कुणाकडून करून घ्याल?"

आपल्या हाताचा साचा आपल्या हाताने होत नाही. आणि दुसरा कुणी होईल असे त्यांनी कधी घडवलेच नव्हते. त्या संध्याकाळी त्या भांड्यातले पाणी ओतून, दिवा मालवून, खोलीत नुसत्याच बसून राहिल्या. संयोजिकेला नकार कळवायचा, हे जवळजवळ ठरले होते. घरी यजमानांना सांगितले. मग मशीनच्या खणातून आपली साधी कात्री काढून त्यांनी पुढे सरकवली.

"उजवा आहे ना अजून? तो तर कोराच आहे."

"त्याला काही येत नाही हो."

"मग शिकव त्याला. मला नाही शिकवलंस संसार करायला?"

उजव्या हाताला खरोखरच काही येत नव्हते. पहिला पत्रा त्याने फाडला. दुसरा भांड्यात चिकटवून ठेवला. तिसऱ्याची कड अशी दातेरी कापली की शिंपी असलेल्या माणसाने तोंड फिरवून घेतले. स्प्लिंटताईंना आधी लाज वाटली, मग राग आला, आणि रागाच्या भरात त्या उजव्या हाताला बोलू लागल्या. "अरे, टोकाने नाही, पात्याच्या मुळाने काप. थांब, पत्रा आधी पारदर्शक होऊ दे. उचललास की पुसून घे, नाहीतर पाणी भाजतं. मनगटाचं हाड आलं तिथं बोटाने उचल, दाबू नको. आता हलू नको. कड गालाला लावून बघ. गार लागली की सोड."

बोलता बोलता त्या थांबल्या. हे आपल्याला ठाऊक होते? डाव्या हाताने एवढी वर्षे केले ते हेच होते? जाणत्या हाताला सांगावे लागत नाही, म्हणून त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. अडाणी हाताला सांगितल्यावाचून भागत नव्हते, म्हणून शब्द फुटले. पुढचे कित्येक दिवस त्या रिकाम्या वेळी तेच करत राहिल्या: उजव्या हाताला सांगायचे, तो चुकला की सांगणे सुधारायचे. हात फारसा सुधारला नाही. सांगणे सुधारले.

त्याच सुमारास वॉर्डात एक नवी सिस्टर बदलून आली होती. तिला ही बदली नको होती आणि ती ते लपवत नसे. मोठ्या डॉक्टरांनी तिला या खोलीत पाठवले तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "ताई, आधीच सांगते, मला हे हस्तकलेचं काही जमत नाही. शाळेत माझी फुलदाणी बाईंनी फेकून दिली होती."

"मग बरं. माझ्या उजव्या हाताचीही फेकण्यासारखीच होते. बस. मी बोलते, तू कर."

पावसाळा संपला आणि संयोजिका आली. टेबलावर उजव्या हाताने मांडामांड करणाऱ्या स्प्लिंटताईंकडे पाहून ती गोंधळली. "तुम्ही तर डावखुऱ्या ना?"

"तुमच्या पाहुणीबाईंच्या देशात आहे. इथं नाही."

तिला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर तिने तोंडावर हात घेतला. "अरे देवा! त्यांना सांगायला हवं."

"नको," स्प्लिंटताई म्हणाल्या. "त्यांना वाईट वाटेल." आणि त्यांनी आपला डावा हात टेबलावर उताणा ठेवला. "आज रुग्ण मीच आहे. सिस्टर, घे पेन्सिल."

आपला हात दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे काय, हे शेकडो रुग्णांकडून अपेक्षिताना त्यांनी कधी जोखले नव्हते. सिस्टरने कडेने पेन्सिल फिरवली; गुदगुल्या झाल्या. तिने नमुना कापला, पत्र्यावर ठेवला. स्प्लिंटताई बोलत होत्या, सावकाश, एका वेळी एकच गोष्ट. पत्रा पाण्यात मऊ झाला, वर आला, पुसला गेला. त्यांच्या अंगठ्याभोवती ऊबदार, ओला, जड असा तो बसला आणि सिस्टरची बोटे त्यावरून फिरली. बोटे अडखळत होती. पण जागा चुकत नव्हत्या. संयोजिका भिंतीशी हाताची घडी घालून उभी होती.

पत्रा कडक होत गेला तशी मनगटाच्या हाडाजवळ एक कड रुतू लागली.

"दुखतंय का, ताई?" सिस्टरने विचारले. तिच्या कपाळावर घाम होता. एवढ्या दिवसांत ती प्रथमच मन लावून काही करत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. भिंतीशी उभी असलेली बाई पाहत होती. एका शब्दाने सगळे गोड होणार होते.

"नाही," स्प्लिंटताई म्हणाल्या.

सिस्टरने सुटकेचा श्वास सोडला आणि साचा बांधायचा पट्टा उचलला. स्प्लिंटताईंनी तिच्या हाताकडे पाहिले. ही कड ती अशीच ठेवणार; आपण परदेशात असू, आणि या खुर्चीत बसलेला दुसरा कुणी, भाजलेल्या नव्या कातडीचा, भिडेखातर नाही म्हणेल. एवढी वर्षे रुग्ण आपल्यालाही असेच नाही म्हणत आले असतील. आणि आपण पाहुणीबाईंना खरे सांगितलेच नव्हते, ते काय वेगळे होते?

"सिस्टर, थांब. खोटं बोलले. दुखतंय."

सिस्टरचा चेहरा पडला. "वाटलंच मला. मला नाही जमत हे."

"जमलंय. म्हणूनच एकाच जागी दुखतंय, नाहीतर सगळीकडे दुखलं असतं. इथे, हाडाच्या खाली. आणि यापुढं कुणालाही 'दुखतंय का' विचारायचं नाही, माणसं लाजतात. 'कुठे दुखतंय' असं विचारायचं. मग शोधून सांगतात."

साचा उतरला, त्याची तेवढीच कड पुन्हा गरम पाण्यात गेली. या वेळी स्प्लिंटताई काही बोलल्या नाहीत. सिस्टरने कड बाहेरच्या अंगाला वळवली, बोटाने सारखी केली, आणि साचा परत अंगठ्यावर चढवला.

"कुठे दुखतंय?"

स्प्लिंटताईंनी मनगट फिरवून पाहिले, खरोखर शोधले. "कुठंच नाही."

संयोजिका भिंतीपासून पुढे आली. तिने स्प्लिंटताईंना काही विचारले नाही, सिस्टरला विचारले. "या वर्षभर नसतील. चालवशील खोली?"

"मी बदलीसाठी अर्ज केलाय," सिस्टर म्हणाली. तिने साचा सोडला नव्हता. दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता आणि तिचे लक्ष त्याच्या कडेवर होते. "पण तो वर्षभर काही निघत नाही. चालवीन. यांनी आठवड्याला फोन उचलला पाहिजे मात्र."

"मग उन्हाळ्याच्या आधी निघायची तयारी करा, ताई," संयोजिका म्हणाली. "दुभाषा आम्ही देऊ."

"चांगला द्या," स्प्लिंटताई म्हणाल्या. "मला पुष्कळ बोलायचं आहे."

आणि सवयीने त्यांनी उजवा हात पुढे करून साच्याची कड चाचपायला बोट नेले.

"अं हं," सिस्टर म्हणाली. "हात लावू नका. अजून गरम आहे."

स्प्लिंटताईंनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि साचा थंड होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.